हिरवळीचं कूळ

आत्या पहिल्यांदा आमच्याकडे टोरोंटोला आली तेव्हा घराभोवती एक फेरी मारून तिने विचारलं, "एवढी जागा आणि नुसतं गवत? आणि खायला एक जनावर नाही?" प्रश्न अगदी वाजवी होता. गेली कित्येक वर्षं मी हे गवत कापते, त्याला पाणी घालते, खत घालते आणि कापलेलं पुन्हा त्यातच टाकते. कुणी खात नाही, कुणी विकत नाही. शेतकऱ्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाला हा उद्योग समजावून सांगणं कठीण आहे. तेव्हापासून या गवताचं कूळ आणि मूळ शोधायचा नाद लागला. वाचता वाचता वाट इंग्लंड-अमेरिकेवरून थेट इंदूरला पोचली, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढावं. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर इंग्लंडपासून सुरुवात. तिथला पाऊस भुरभुरता, उन्हाळा सौम्य, त्यामुळे मेंढ्यांनी चरलेलं कुरण आपोआपच मऊ गालिच्यासारखं दिसतं. अठराव्या शतकातल्या जमीनदारांना हे दृश्य खिडकीपर्यंत आलेलं हवं होतं, मेंढ्या मात्र दिवाणखान्यात नको होत्या. म्हणून मधे खड्डा खणायचा, म्हणजे कुंपण दिसत नाही आणि जनावरही येत नाही. घराजवळचं गवत माणसं विळे-कोयत्यांनी कापत. मजुरी परवडणारे थोडे, म्हणून हिरवळही थोड्यांचीच. मग १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला ही कल्पना सुचली ती लोकरीच्या कापड गिरणीत, कापडावरची लव एकसारखी भादरणारं यंत्र बघून. म्हणजे गवताला गालिचा म्हणतात ते नुसतं काव्य नाही, यंत्रसुद्धा कापडाचंच.

पण त्या जुन्या हिरवळीत नुसतं गवत होतं असं समजू नका. डार्विनसाहेबांनी एक गंमत करून पाहिली होती. सतत कापल्या जाणाऱ्या हिरवळीचा तीन फूट बाय चार फुटांचा तुकडा त्यांनी न कापता वाढू दिला. जोमदार झाडं उंच झाली आणि दुबळी मेली. त्या एवढ्याशा तुकड्यात एकूण २० जाती होत्या आणि त्यातल्या ९ नाहीशा झाल्या, असं त्यांनी १८५९ च्या ग्रंथात नोंदवलंय. जगण्याच्या झगड्याचं उदाहरण म्हणून त्यांनी ते दिलं. मी मात्र त्या २० आकड्यावरच अडकले. एका सतरंजीएवढ्या जागेत २० प्रकारच्या वनस्पती! आज माझ्या गल्लीत कुणाच्या लॉनमध्ये चार प्रकार दिसले तरी शेजारी भुवया उंचावतात.

याच सुमाराला, म्हणजे १८५६ साली, इंग्लंडमध्येच रोथॅमस्टेड इथे लॉज आणि गिल्बर्ट या जोडीने एका कुरणाचे पट्टे पाडून प्रत्येकाला वेगवेगळं खत द्यायला सुरुवात केली. तो प्रयोग अजून चालू आहे (आपल्याकडे कचेरीतली एक फाईल एवढी टिकत नाही). ज्या पट्ट्यांना काहीच दिलं नाही तिथे आजही चाळीसच्या आसपास जाती नांदतात. ज्यांना वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट दिलं तिथे दोन-तीनच उरल्या आणि माती आंबट झाली. नत्र भरपूर मिळालं की ते ओरबाडून घेणारी एखाददुसरी जात बाकीच्यांच्या डोक्यावर बसते. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

अमेरिकेत ही हिरवळ आली ती समतेचा झेंडा घेऊन. १८६० च्या दशकाच्या शेवटी ओल्मस्टेडने शिकागोजवळ रिव्हरसाइड नावाचं उपनगर आखलं, तेव्हा प्रत्येक घर रस्त्यापासून ३० फूट आत असावं असा दंडक घातला. १८७० साली फ्रँक स्कॉट याने उपनगरातल्या छोट्या बागांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. घरापुढे कुंपण घालून आपली हिरवळ शेजाऱ्यापासून लपवणं हे असंस्कृतपणाचं लक्षण आहे, असा त्याचा एकूण सूर. सगळ्यांची गवतं एकमेकांत मिसळून अख्खी गल्लीच एक बाग व्हावी, अशी ती कल्पना. ऐकायला गोड आहे. पण कुंपण गेल्याबरोबर माझ्या गवताचा हिशोब ठेवायचा हक्क शेजाऱ्याला मिळाला, ही त्यातली मेख.

ती मेख पुरती कळायला १९४७ साल उजाडावं लागलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेव्हिट आणि मंडळींनी घरं बांधायला घेतली. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी, एकासारखी एक, चार-पाच वर्षांत १७ हजारांवर. कागदपत्रांत अटी होत्या: कुंपण घालायचं नाही, गवत वेळच्या वेळी कापायचं. आणि त्याच कागदपत्रांत आणखी एक अट होती, की गोऱ्या वंशाखेरीज इतर कुणी तिथे राहायचं नाही (घरकामाचे नोकर सोडून). १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची कोर्टामार्फत अंमलबजावणी होणार नाही असं ठरवलं, तरीही लेव्हिटने काळ्या कुटुंबांना घरं विकली नाहीत. आपण सावळी माणसं आज त्याच नमुन्याच्या उपनगरांत राहतो आणि त्याच नमुन्याचं गवत राखतो. नवीन घर घेतलं की आपल्यातलेच लोक सांगतात, "बाकी काही नको करू, पुढचं लॉन तेवढं चकाचक ठेव, नाहीतर म्हणतील इंडियन्स आले आणि गल्ली बिघडली." हे वाक्य मी निदान पाच जणांकडून ऐकलंय. त्याचा उगम बटाट्याच्या त्या शेतात आहे.

आता मुख्य भाग, आणि इथे माझ्या सांगलीकडच्या काका-मंडळींनी कान टवकारावेत.

महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत वनस्पतींच्या वाढीच्या संप्रेरकांवर गुप्त संशोधन चालू होतं. त्यातून एक रसायन निघालं आणि १९४५ पासून अमेरिकेत ते बाजारात आलं. नाव २,४-डी. होय, तेच, आपले लोक उसात मारतात ते टू-फोर-डी. रुंद पानांच्या तणांना ते वाढीचा खोटा हुकूम देतं. झाड वेडंवाकडं, पीळ पडल्यासारखं वाढतं आणि त्यातच मरतं. उसाला काही होत नाही, कारण ऊस शेवटी गवतच. आणि शेजारच्या द्राक्षबागेवर वाऱ्याने थोडा फवारा गेला की पानं पंख्यासारखी आक्रसतात आणि दोन भावांत भांडणं लागतात, हे तासगाव भागातल्या माणसाला मी सांगायला नको.

लॉनवाल्यांना हे रसायन म्हणजे वरदानच वाटलं. फवारा मारला की डँडेलियनची पिवळी फुलं गायब आणि गवत जसंच्या तसं. एकच अडचण होती. त्या काळापर्यंत लॉनच्या बियाण्याच्या मिश्रणात पांढऱ्या क्लोव्हरचं बी मुद्दाम घालत असत. क्लोव्हर म्हणजे तीन पानांची ती ठेंगणी वनस्पती, आपल्या मेथी-लसूणघासाच्या भाऊबंदातली. द्विदल असल्यामुळे तिच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यातले जीवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात. म्हणजे लॉनला फुकटात खत! कापली तरी वाढते, उन्हाळ्यात गवत पिवळं पडलं तरी ही हिरवी. पण पान रुंद, त्यामुळे टू-फोर-डीने तीही मेली. औषधाला क्लोव्हर वाचवता येईना, तेव्हा विकणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला: क्लोव्हर हेही तणच, असं जाहीर झालं. कालपर्यंत पिशवीत बी म्हणून पैसे देऊन आणलेली वनस्पती एका पिढीत शत्रूच्या यादीत गेली.

क्लोव्हर गेल्यावर नत्र कुठून येणार? पिशवीतून. युद्धातल्या दारूगोळ्यासाठी उभारलेले नत्राचे कारखाने रिकामे झालेलेच होते. पिशवीतलं नत्र घातलं की गवत भराभर वाढणार, म्हणजे जास्त वेळा कापायचं, जास्त पाणी द्यायचं. कापलेलं गवत पिशव्या भरून कचऱ्यात दिलं की त्यातलं नत्रही गेलं, मग पुन्हा पिशवी. रोथॅमस्टेडच्या शास्त्रज्ञांनी नव्वद वर्षं आधी शेतात जे दाखवलं होतं ते इथे लाखो अंगणांत मुद्दाम घडवून आणलं. २००५ साली क्रिस्टिना मिलेसी या संशोधिकेने उपग्रहाच्या मदतीने अंदाज काढला, की अमेरिकेतलं एकूण लॉन सुमारे १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर भरतं. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त जमीन, आणि त्यावर पीक काय, तर गवताचे कापलेले तुकडे. आत्याला हा आकडा सांगितला तेव्हा ती फक्त "काय सांगतेस" एवढंच म्हणाली.

याच लाँग आयलंडवर, लेव्हिटच्या घरांपासून फार लांब नाही, दोन बायका रसायनाविना बाग करत होत्या. मार्जोरी स्पॉक आणि मेरी रिचर्ड्स. (स्पॉक हे आडनाव ओळखीचं वाटलं असेल, बालसंगोपनाचं ते जगप्रसिद्ध पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टर स्पॉकची ही बहीण.) मेरीची प्रकृती नाजूक, तिला शुद्ध अन्न लागायचं, म्हणून हा सगळा खटाटोप. १९५७ साली सरकारने एका पतंगाच्या अळ्या मारण्यासाठी विमानांतून तेलात कालवलेलं डीडीटी फवारलं. कुणाची शेती, कुणाची बाग, कुणाची मुलं, काही पाहिलं नाही. या दोघींनी शेजाऱ्यांना आणि रॉबर्ट कुशमन मर्फी या पक्षितज्ज्ञाला बरोबर घेऊन सरकारवर दावा लावला. १९५८ मध्ये खटला चालला आणि त्या हरल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही दाद घेतली नाही. पण खटला चालू असताना मार्जोरी रोज कोर्टात काय झालं ते लिहून ओळखीच्यांना पाठवायची. ती टिपणं आणि खटल्याचे कागद मेरीलँडमधल्या एका लेखिकेच्या हाती पडले. तिचं नाव रेचल कार्सन. तिचं 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ साली आलं आणि १९७२ मध्ये अमेरिकेने डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. कार्सनबाई मात्र १९६४ मध्येच कर्करोगाने गेल्या. हरलेल्या खटल्याच्या कागदांतून एवढं उभं राहिलं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

'रसायनाविना' म्हणजे नेमकं काय करायचं हे त्या काळी लोकांना कुठून कळलं? इथे इंदूर येतं.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. आले शिकवायला आणि शिकून गेले ते आपल्या शेतकऱ्यांकडून, हे त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने लिहिलंय. शेतकरी आणि कीड हे दोघे माझे प्राध्यापक, असा त्यांचा आवडता मुद्दा. १९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इंदूरला त्यांनी संस्था उभारली. मूळ काम कापसाचं. पण कापसाच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि राख यांचं चांगलं खत कसं करायचं याची त्यांनी तिथे पद्धत बसवली. खड्डा जेमतेम दोन फूट खोल, कारण त्याखाली हवा पोचत नाही. थरावर थर, ओलावा बेताचा आणि तीन वेळा खालीवर करायचं, की तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार. आपल्याकडे शेतकीच्या पुस्तकात 'इंदूर पद्धत' आणि 'बंगलोर पद्धत' यांतला फरक विचारतात, त्यातली ही इंदूर पद्धत.

१९३१ साली या कामावर पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर नावं दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. संस्थेतलं रसायनशास्त्राचं काम वाड बघत. हॉवर्ड इंग्लंडला परतले, सर झाले, जगभर व्याख्यानं दिली, आणि सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात त्यांचं नाव पहिल्या पानावर असतं. यशवंत वाडांचं नाव मात्र शोधावं लागतं. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारून दाखवलं होतं. तुमच्यापैकी कुणी इंदूरचं असेल किंवा वाड घराण्याशी नातं असेल तर जरूर कळवा, या माणसाबद्दल मला अजून वाचायचंय.

हॉवर्डचं १९४० चं पुस्तक पेनसिल्व्हेनियातल्या जे. आय. रोडेल नावाच्या प्रकाशकाच्या हाती लागलं. त्याने शेत विकत घेतलं आणि १९४२ मध्ये सेंद्रिय शेती आणि बागकामावर मासिक सुरू केलं. संपादकवर्गात हॉवर्डचंही नाव होतं. शेतकऱ्यांनी त्या मासिकाकडे फारसं लक्ष दिलं नाही, पण परसदारी भाजी लावणाऱ्या गृहस्थांनी ते उचलून धरलं, आणि तिथून कंपोस्ट लॉनवर पोचलं. म्हणजे बघा, मी दर सप्टेंबरला गवतावर जे काळं खत पसरते त्याची कृती होळकरांच्या इंदुरातून लंडनमार्गे पेनसिल्व्हेनियाला आणि तिथून माझ्या अंगणात आलीय. शेण तेवढं वाटेत गळलं.

आता कॅनडा. माँट्रियलच्या पश्चिमेला हडसन नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथे जून अर्विन या त्वचारोगतज्ज्ञ बाई राहत. रुग्णांच्या तक्रारींचा आणि लॉनवरच्या फवाऱ्यांचा संबंध असावा अशी त्यांना शंका आली. १९८५ पासून त्या गावच्या सभेला नेमाने जायच्या आणि उठून तोच प्रश्न विचारायच्या. वर्षामागून वर्षं! सुरुवातीला लोक कंटाळले असणार, आपल्या ग्रामसभेतही असं एक माणूस असतंच. पण १९९१ मध्ये गावाने नियम केला, की निव्वळ शोभेसाठी कीटकनाशकं-तणनाशकं वापरायची नाहीत. फवारणी करणाऱ्या दोन कंपन्या कोर्टात गेल्या. दहा वर्षं चालून २८ जून २००१ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने गावाच्या बाजूने निकाल दिला.

तो निकाल मी मुद्दाम वाचला. वकिली भाषेतून वाट काढत जाताना एके ठिकाणी थबकले. पूर्ण पुरावा हाती येण्याची वाट न बघता आधीच काळजी घेणं, या तत्त्वाला आधार म्हणून न्यायमूर्तींनी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल दिले आहेत. त्यातला एक १९९६ चा, तमिळनाडूत वेल्लोरच्या लोकांनी चामड्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध लढवलेला. क्यूबेकमधल्या एका गावच्या गवताला वेल्लोरच्या नासलेल्या विहिरींनी साक्ष दिली, असंच म्हणायचं.

त्यानंतर गावोगावी असे नियम झाले. टोरोंटोचा २००४ पासून लागू झाला आणि २२ एप्रिल २००९ पासून अख्ख्या ओंटारियो प्रांतात शोभेसाठीच्या फवारणीवर बंदी आली. शेतीला आणि (अटींसह) गोल्फच्या मैदानांना सूट. आम्ही घर घेतलं ते त्याआधी, २००६ मध्ये. वसंत ऋतूत गल्लीभर गवतात छोटे फलक टोचलेले असायचे, फवारणी झालीय, पाय ठेवू नका. लेक तेव्हा दोन वर्षांची. फलक तिच्या उंचीचे, रंगीत आणि उपटायला सोपे. ती वाचू शकत नव्हती, शेजारचा कुत्राही वाचू शकत नव्हता. फवारणीवाल्यांचा विक्रेता दारी आला की हसून सांगायचा, "वाळलं की पूर्ण सुरक्षित." मग फलक कशाला, असं विचारलं की विषय बदलायचा. गणपतीत दूर्वांना काय करायचं हा आणखी एक प्रश्न. आपली हरळी इथल्या थंडीत टिकत नाही (तीच हरळी अमेरिकेच्या दक्षिणेत 'बर्म्युडा ग्रास' म्हणून लॉनमध्ये मिरवते, हा तिचा वेगळा थाट). म्हणून सगळे जण लॉनमधलंच कोवळं गवत तीन पात्यांचं बघून खुडतात. ते आदल्या आठवड्यात कशात न्हालंय हे ठाऊक असलेलं बरं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. टू-फोर-डीने कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'कदाचित' या गटात टाकलं, आणि लेबलवरच्या सूचना पाळल्या तर धोका मान्य मर्यादेत आहे, असं कॅनडाच्या आरोग्य खात्याचं म्हणणं. डाऊ कंपनीने क्यूबेकच्या बंदीविरुद्ध व्यापार कराराखाली तक्रार केली होती, ती २०११ मध्ये मिटली तेव्हा क्यूबेकनेही तसं वाक्य लिहून दिलं. बंदी मात्र राहिली. माझं मत साधं आहे. पिकासाठी शेतकऱ्याने जोखीम घेणं मी समजू शकते. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना वीसहून जास्त माणसं दगावली, ती पोटासाठी फवारत होती. पिवळं फूल दिसू नये म्हणून तसलं काही मुलांच्या पायाखाली शिंपडणं मला पटत नाही.

बंदीनंतर लोकांनी काय केलं? पहिली दोन-तीन वर्षं मे महिन्यात अख्खं गाव डँडेलियनने पिवळं झालं आणि शिव्या दिल्या. मग हळूहळू जुनंच शहाणपण नव्याने शिकले. गवत तीन इंच ठेवायचं, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. उंच गवताची मुळं खोल जातात आणि त्याच्या सावलीत तणाचं बी रुजत नाही. एवढ्या एका गोष्टीने अर्धं काम होतं. कापलेलं तिथेच पडू द्यायचं, वर्षभरात लागणाऱ्या नत्राचा चौथा हिस्सा त्यातून परत मिळू शकतो. पाणी रोज शिंतडायचं नाही, आठवड्यातून एकदा इंचभर. ऑगस्ट अखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, माती उबदार आणि रात्री गार असताना, विरळ जागी बी टाकून वर कंपोस्टचा पातळ थर द्यायचा. नवीन वस्त्यांत बिल्डर वरची चांगली माती खरवडून नेतात आणि अवजड यंत्रांनी चिकणमाती दाबून टाकतात, तिथे आधी भोकं पाडून माती मोकळी करावी लागते. तणच ते सांगतं: रुंद पानांचं प्लँटेन, म्हणजे आपल्या इसबगोलाचं भावंड, माजलं की समजावं जमीन दबलीय. क्लोव्हर पसरला तर नत्र कमी.

हुमणीचं मात्र अवघड आहे. होय काका, इथेही हुमणी! उसाच्या मुळांऐवजी लॉनची मुळं खाते, इतकंच. गवत गालिचासारखं उचलून हातात येतं आणि रात्री रॅकून येऊन उरलेलं उकरतात. यावर मित्र सूत्रकृमी मिळतात, पाण्यात कालवून ओल्या मातीवर संध्याकाळी शिंपडायच्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अळी लहान असते तेव्हाच लागू पडतात. मे महिन्यात घातल्या तर पैसे गेले. हा मार्गही नवा नाही. जपानी भुंगेरा १९१६ मध्ये न्यूजर्सीत पहिल्यांदा सापडला, तेव्हा आधी त्याच्यावर शिसं आणि आर्सेनिकचं मिश्रण ओतलं गेलं, आणि मग त्याच्या अळ्यांना रोग पाडणारा एक जीवाणू शोधून तो जमिनीत पेरला.

'सेंद्रिय' म्हणून विकलं जाणारं सगळंच कामाचं नसतं, हेही लिहून ठेवते. मक्यातून स्टार्च काढल्यावर उरणारा प्रथिनांचा चोथा तणाच्या बियांची मुळं खुंटवतो, हे आयोवात निक ख्रिश्चन्स या प्राध्यापकांना दुसरंच काही तपासताना सापडलं. १९९१ मध्ये पेटंटही मिळालं. खरं आहे, पण बी रुजून मूळ फुटायच्या नेमक्या वेळी तो जमिनीत हवा आणि त्यानंतर काही दिवस कोरडे हवेत. आमच्याकडच्या एप्रिलला हे कोण सांगणार? आणि त्यात दहा टक्के नत्र असतं, त्यामुळे आधीच उगवलेल्या तणाला तो खुराकच होतो. त्या पैशांत क्लोव्हरचं बी भरपूर येतं. हो, आता दुकानात लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर पुन्हा मिळायला लागलाय, वर ठळक अक्षरात 'नवीन' असं छापून.

जाता जाता, टोरोंटोकडच्या मंडळींसाठी. फवारणीवर बंदी असली तरी उंचीचा नियम आहेच. टोरोंटोत गवत २० सेंटिमीटरच्या वर गेलं तर पालिकेची नोटीस येऊ शकते. तेव्हा जूनमध्ये महिनाभर भारतात जाणार असाल तर कुणाला तरी दोनदा कापायला सांगून जा, आणि मशीनचं पातं वरच्या खाचेत लावून ठेवा, नाहीतर मदत करणारा प्रेमाने पार भादरून ठेवतो. क्लोव्हरच्या फुलांवर मधमाशा येतात, तेव्हा पोरांना अनवाणी सोडताना बघून सोडा.